जीपमधून आलेला रोग

तुरीला रोग लावून बघायचा आहे, त्यासाठी अर्धा एकर रान हवं आहे, असं म्हणत शेती संशोधन केंद्रातला राधाकिशन सोसायटीच्या कचेरीत उभा राहिला, तेव्हा चेअरमन माणिकरावांनी एकच प्रश्न विचारला.

"अनुदान किती?"

"अनुदान नाही. बियाणं आमचं, मजुरी आमची. रान फक्त तुमचं."

"आन् रोग?"

"रोगही आमचाच."

माणिकरावांनी सेक्रेटरी बंकटकडे पाहिलं. हिंगणेवाडीच्या सेवा सोसायटीत आजवर सरकारकडून खत आलं होतं, पेंड आली होती, पाण्याच्या मोटारी आणि ताडपत्र्या आल्या होत्या, आणि या सगळ्यांनी आधी चेअरमनचं घर बघून मगच गावाचा रस्ता धरला होता. काही वस्तूंना तो रस्ता सापडलाही नव्हता. पण नुसता रोग, तोही बिनअनुदानाचा, हा प्रकार माणिकरावांच्या कारकिर्दीत पहिलाच होता.

"मंग आसं करा," माणिकराव एकदम उदार झाले. "त्या निवृत्तीच्या रानात करा. मानूस लई सज्जन हाय. रोगाला न्हाई म्हननार न्हाई."

निवृत्ती हा एसटीतून रिटायर होऊन गावी आलेला कंडक्टर. भीमनगरात घर, ओढ्याकाठी दोन एकर, आणि बोअरला तुरीपुरतं पाणी. आयुष्यभर भरलेल्या गाडीत आणखी माणसं कोंबल्यामुळे नाही म्हणायची सवय त्याला नव्हतीच. राधाकिशनचं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "जागा हाय, साहेब. रोगाला बसू द्या. पन बाकीच्या रानातल्या माज्या तुरीला उतरवायला लावू नका."

राधाकिशन परळीच्या वीज केंद्राच्या राखेत लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे हिरव्या पानाचं त्याला फार अप्रूप. संशोधन केंद्रात नोकरीला लागल्यापासून तो एकाच कामाला जुंपला गेला होता. तुरीला वांझ रोग म्हणून एक विषाणूचा रोग येतो. डोळ्यांना न दिसणारा बारीक कोळी किडा तो या झाडावरून त्या झाडावर नेतो. रोग आलेलं झाड मरत नाही. उलट ते हिरवंगार होतं, फांद्यांवर फांद्या फोडतं, मोठं डौलदार दिसतं. फक्त त्याला फूल येत नाही आणि शेंग लागत नाही. सहकारी चळवळ जवळून पाहिलेल्या माणसाला हे झाड लगेच ओळखू येईल.

या रोगातही शेंगा धरणारा एक वाण राधाकिशनने तयार केला होता. त्याचा क्रमांक सतरा. रोगाने भरलेल्या रानात सतरा नंबर निरोगी उभा राहिला तर त्याचं नाव होणार होतं. पण दोन वर्षं दुष्काळाने चाचणीच जळून गेली होती, आणि यंदा तर केंद्राच्या विहिरीनेही तळ दाखवला होता. वरिष्ठ सुंदरराव साहेबांनी त्याला बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, "हे शेवटचं वर्ष. गावरान तूर आजारी पडली आणि सतरा तगला, तर वाण पुढे पाठवू. रोगच आला नाही, तर सतरा नंबर बंद. मग तू रोपवाटिकेत जा आणि आंब्याची कलमं बांध."

म्हणजे अख्ख्या बीड जिल्ह्यात पिकावर रोग यावा म्हणून जीव टाकणारा हा एकटाच माणूस होता.

पाऊस उशिरा का होईना, पेरणीपुरता पडला. निवृत्तीच्या रानात वेगवेगळ्या वाणांच्या ओळी पेरल्या गेल्या. मध्ये मध्ये गावरान तुरीची ओळ, कारण तिला रोग हमखास होतो. सतरा नंबरचं थोडं बियाणं उरलं, ते राधाकिशनने पिशवीत घालून विश्वासाने सोसायटीच्या गोदामात ठेवलं. बंकटने त्याच दिवशी पिशवीतलं बियाणं काढून घेतलं आणि तिच्यात बाजारची तूर भरली. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. गोदामात आलेल्या मालाचं असंच करायचं, एवढंच त्याला माहीत होतं. काढलेलं बियाणं माणिकरावांनी आपल्या रस्त्याकडेच्या तीन एकरात मधोमध पेरलं आणि बाकी रान गावरान तुरीने भरून काढलं.

तुरीला दोन-दोन पानं फुटली आणि एके दिवशी केंद्राची जीप आली. तिच्यातून ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या तुरीच्या फांद्या उतरल्या, आणि मागोमाग स्टेपलरचा खोका. राधाकिशन गुडघ्यावर बसला. फांदीचं एक पान तोडून त्याने ते रोपाच्या पानावर ठेवलं आणि वरून खटकन पिन मारली. मग दुसऱ्या रोपाला. मग तिसऱ्या. रोगट पान सुकलं की त्यावरचे किडे निरोगी पानावर उतरतात, म्हणून ही पद्धत. पण बांधावर जमलेल्या गावाने आजवर पिना फक्त कागदाला मारताना पाहिल्या होत्या.

"तुरीची फाईल करायलेत का बे?" एकाने विचारलं.

"सातबाऱ्याला जोडायची आसंल," दुसरा म्हणाला.

रोजाने आलेली पारूबाई पिना मारण्यात लवकरच तरबेज झाली. "टाळ्या वाजवल्यागत आवाज येतोय," ती म्हणाली, "पन रोजगार हमीच्या खडीपरीस लई बरं काम."

दुपारी स्वतः माणिकराव आले. टोपी सारखी करत त्यांनी बांधावरूनच विचारलं, "साहेब, काय लावायलात?"

"रोग लावतोय, चेअरमन साहेब. मी सांगितलं होतं ना."

"त्ये झालं गावाला सांगायचं. मला खरं सांगा."

"खरंच रोग लावतोय. बोर्ड बघा ना, 'तूर वांझ रोग चाचणी' असं लिहिलंय."

माणिकराव गालात हसले. स्वतःच्या कारकिर्दीत त्यांनी बरंच काही लपवलं होतं, पण त्यासाठी लहानसहान थापा पुरल्या होत्या. हा पोरगा जर एवढी मोठी थाप ठोकत असेल, तर तिच्याआड केवढा मोठा माल असेल! ते तडक कचेरीत आले.

"बंकट, रोग कसा येतो बे?"

"वाऱ्यानं येतो. पान्यानं येतो."

"जीपमदी बसून येतो का?"

"न्हाई, आजवर तरी न्हाई."

"प्यायचं पानी आनायला सरकार आपल्याला टँकर देईना, आन् रोग आनायला जीप देतंय? तुला पटतंय का?"

बंकटला पटलं नाही. बोर्डाचं काय, एवढंच त्याने विचारून पाहिलं.

"बोर्डावर लिवलेलं आत आसतं का कुटं? आपल्या बोर्डावर काय लिवलंय, वाच बरं."

बंकटने मान वर करून वाचलं. 'शेतकऱ्यांची, शेतकऱ्यांनी, शेतकऱ्यांसाठी चालवलेली संस्था' असं लिहिलं होतं. त्याची शंका फिटली.

"आवशिद हाय त्ये," माणिकराव हळू आवाजात म्हणाले. "दुष्काळात तूर हिरवी ठिवायचं आवशिद. आन् आपन सोताच्या हातानं त्या कंडक्टरच्या रानात धाडलं! सोसायटी कावून चालवायलोय मंग आपन?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निवृत्तीच्या रानातल्या एक-दोन ओळीच झाल्या. पानांची उरलेली पोती राधाकिशनने सावलीला, गार जागेत म्हणून, सोसायटीच्या गोदामात ठेवली. उरलेलं काम उद्या करायचं होतं. पण जिल्ह्याच्या ठिकाणी पाणीटंचाईची बैठक निघाली आणि चालू अवस्थेतल्या सगळ्या जीपा तिकडे मागवल्या गेल्या. टंचाई कशाची आहे हे बघायला पाण्यापेक्षा जीपा जास्त लागतात. राधाकिशनला जीपबरोबर जावं लागलं. जाताना तो निवृत्तीला म्हणाला, "मामा, पोत्यातली पानं प्रत्येक रोपाला लावायची. एकही रोप निरोगी राहता कामा नये."

"तुमी बिनघोर जावा," निवृत्ती म्हणाला. "एकबी विदाऊट तिकीट सोडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी नांदूरघाटचा बाजार. गाव रिकामं झालं तसं बंकटने गोदाम उघडलं. रोगट फांद्या बैलगाडीत चढल्या आणि माणिकरावांच्या विहिरीवर बांधाला जुनी तूर होती, तिच्या धडधाकट फांद्या पोत्यांत भरल्या गेल्या. वर पाणी शिंपडलं. निवृत्ती आणि पारूबाईने मग दिवसभर कंबर मोडेपर्यंत निरोगी तुरीला निरोगी पानं जोडली. तिकडे रस्त्याकडेच्या तीन एकरात माणिकरावांचे गडी सोसायटीचा आणि शाळेचा स्टेपलर घेऊन रोगट पानं लावत होते. पिना संपल्या तेव्हा बंकटने जुन्या फायलींच्या पिना उपसून आणल्या. सोसायटीचे कितीतरी जुने ठराव त्या दिवशी सुटे झाले, आणि त्यांच्या पिना पहिल्यांदाच प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या रानात पोचल्या.

माणिकरावांची बायको वच्छलाबाई भाकरी घेऊन आली होती. ती बघतच राहिली.

"आवं, गड्यांच्या सदऱ्याला गुंड्या न्हाईत, आन् तुमी तुरीला पिना मारायलात?"

"तुला न्हाई कळायचं. हे शास्त्र हाय."

"आसंल बाई. पन शेंगा येतेल ना?"

"आगं, शेंगा मोजायला तुला मानसं लावावी लागतेल!"

पुढे पावसाने तोंड फिरवलं. राधाकिशनची जीप टँकर मोजायच्या कामावर गेली ती गेलीच. तो एसटीने फाट्यावर उतरायचा आणि ओढ्याच्या पायवाटेने निवृत्तीच्या रानात यायचा, त्यामुळे माणिकरावांचं रस्त्याकडेचं रान त्याच्या नजरेला पडलंच नाही. निवृत्तीच्या रानात मात्र तो पानन् पान उलटं करून बघायचा आणि दरवेळी जास्त खचायचा. सुरुवातीच्या ओळीत चार-दोन रोपं रोगट दिसली. बाकी सगळी तूर ठणठणीत होती. गावरानसुद्धा.

"मामा, ही चार-दोन सोडली तर एकही झाड आजारी नाही हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

निवृत्तीलाही अपराधी वाटत होतं. आपल्या रानात पाहुणा बोलवावा आणि तो येऊ नये, तसं झालं होतं. "आमचं रानच लई गरीब, साहेब," तो म्हणाला. "त्याला रोगबी परवडंना. पन तुमी धीर सोडू नका. आमच्या डेपोची गाडीबी उशिरानं यायची, पन यायची."

फुलं आली, तरी रोग आला नाही. शेंगा लागल्या. निवृत्तीची बायको जाईबाई शेंगांनी वाकलेल्या फांद्या बघून हरखून जायची आणि राधाकिशन दिसला की पदराआड हसू दाबून तोंड पाडायची. माणसाचं दुःख काय आहे ते तिला नीटसं कळत नव्हतं, पण पोरगा चांगला होता.

माणिकरावांच्या रानात वेगळंच चाललं होतं. वाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं आणि पिना लागल्या नव्हत्या त्या झाडांपर्यंतही माल पोचवला होता. आसपासच्या तुरी उन्हाने करपल्या, पण त्यांची तूर फांद्यांवर फांद्या फोडत झुडपासारखी गच्च झाली. पानं जरा बारीक आणि फिकट होती, पण तो सरकारी औषधाचा रंग आहे असं माणिकराव सांगत. रस्त्याने जाणारे लोक सायकल थांबवून बघायचे. तालुक्याच्या पुढाऱ्यांनी येऊन या तुरीबरोबर फोटो काढले. मध्ये थोड्या ओळी शेंगांनी लगडल्या होत्या, पण त्या तेवढ्या डौलदार दिसत नसल्याने फोटोवाल्याने त्या टाळल्या.

"आवं, बाकीच्याला शेंगा कदी येनार?" वच्छलाबाई विचारायची.

"सरकारी काम हाय. येळ लागतो."

अखेर सुंदरराव साहेब पाहणीला आले. राधाकिशन जीपमध्ये त्यांच्याशेजारी मान खाली घालून बसला होता. कलमं कशी बांधतात याचं एक पुस्तक त्याने आधीच मिळवलं होतं. या वेळी साहेबांची जीप रस्त्याने आली. माणिकराव हार घेऊन रस्त्यातच उभे होते.

"साहेब, आदी आमची तूर बगा. सरकारचा एक पैसा न घेता आनलीय."

सुंदरराव खाली उतरले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग एक फांदी हातात घेतली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, ते आज हसले.

"वा! याला म्हणतात काम! असं रान मी जन्मात पाहिलं नाही. इतकं सुरेख, इतकं एकसारखं!"

माणिकरावांनी हार त्यांच्या गळ्यात घातला.

"झाडन् झाड वांझ!" सुंदरराव म्हणाले. "या गावरान तुरीला एक शेंग येणार नाही. राधाकिशन, अरे, इतका कडक रोग आणलास कसा?"

माणिकरावांचे हात हाराजवळच राहिले. राधाकिशनने मान वर केली. आधी त्याला रोग दिसला आणि आनंदाने त्याचे डोळे भरून आले. मग मधल्या ओळींत शेंगांनी लगडलेला सतरा नंबर दिसला. आपलं पोर दुसऱ्याच्या अंगणात खेळताना दिसावं तसं त्याचं झालं. मग त्याने माणिकरावांकडे पाहिलं आणि त्याला सगळा उलगडा झाला. माणिकरावांनी बंकटकडे पाहिलं. बंकट जीपचा टायर बघत होता.

"पण हे रान कागदावर कुठे आहे?" सुंदररावांच्या कपाळावर आठी पडली. "चाचणी त्या निवृत्तीकडे ना? मग आपलं बियाणं आणि आपला रोग इथे आला कसा? कोणी चोरला असेल तर पोलिसांत द्यावं लागेल. आणि तू परवानगीशिवाय लावला असशील, तर तुला घरी बसावं लागेल."

राधाकिशनने मनाशी हिशेब केला. खरं सांगावं तर चेअरमन आत जाणार, आणि पोती गोदामात बेवारस ठेवली म्हणून आपणही जाणार. पण माणिकराव नुसते उभे राहणारे नव्हते. अडचणीतून सन्मानाने बाहेर पडणं हा त्यांचा धंदाच होता.

"मीच दिलं, साहेब," ते छाती पुढे काढून म्हणाले. "ह्यांनी निवृत्तीचं रान घेतलं. मी म्हनलं, गरिबाचं नुकसान कावून करायचं? रोग आमच्यात आना. शास्त्रासाठी तीन एकर म्हंजे काय मोठं हाय? हे नको म्हनत होते, आमीच ऐकलं न्हाई. हो का न्हाई, राधाकिशन?"

"हो, साहेब," राधाकिशन म्हणाला. वाक्याचा शेवटचा भाग तर अगदी खरा होता.

सुंदरराव गहिवरले. असा शेतकरी त्यांनी सरकारी पुस्तिकेबाहेर पाहिला नव्हता. वाण पुढे पाठवण्याचं त्यांनी तिथेच कबूल केलं आणि राधाकिशनने कलमांचं पुस्तक जीपमध्येच सोडून दिलं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर माणिकरावांचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. गाव लोटलं होतं. निवृत्तीची तूर तोवर घरात येऊन पडली होती आणि जाईबाईने शेजारच्या दोन घरांना डाळीसाठी दिलीही होती. सोसायटीची निवडणूक उन्हाळ्यात व्हायची होती, त्यामुळे माणिकराव तीन एकरांचं दुःख गिळून प्रसन्न चेहऱ्याने बसले होते.

सुंदरराव बोलायला उठले. "सतरा नंबर तगला, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. पण शास्त्र एका वर्षावर विश्वास ठेवत नाही. त्याच रानात आणखी दोन वर्षं असाच कडक रोग आणावा लागेल. माणिकरावांचा त्याग पाहता ते नाही म्हणणार नाहीत, याची मला खात्री आहे."

टाळ्या कडाडल्या. माणिकराव शेजारच्या राधाकिशनच्या कानाला लागले. "आरं, मंग पुडच्या साली सगळं सतरा नंबरच पेरू की."

"तसं चालत नाही, चेअरमन साहेब. सतराच्या मधल्या ओळी तेवढ्या. बाकी गावरानच हवी. ती आजारी पडल्याशिवाय सतरा निरोगी आहे हे कळणार कसं?"

"आन् त्या रोगावर आवशिद?"

"नाही. असतं तर मी इतकी वर्षं काय केलं असतं?"

एवढ्यात बंकटने माइक माणिकरावांच्या हातात दिला. समोर मतदार बसलेले. माणिकराव उभे राहिले, घसा खाकरला, मैदानावरून नजर फिरवली. त्यांना काही वेगळंच बोलायचं होतं, रान मोकळं करून मागायचं होतं. पण माइक हातात आला की त्यांची जीभ त्यांना विचारत नसे.

"गावकरी बंधू-भगिनींनो, हे तीन एकर तर काहीच न्हाई! शास्त्राला लागलं तर हा माणिकराव विहिरीवरचं बागायत देईल, माळावरचं रान देईल, आपलं सगळं शिवार देईल!"

मैदानावर टाळ्यांचा पाऊस पडला. सगळ्यात जोरात टाळ्या निवृत्ती वाजवत होता, आणि मनापासून वाजवत होता. सुंदररावांनी खिशातून पेन काढून विहिरीवरचं बागायत आणि माळावरचं रान दोन्ही टिपून घेतलं. बायकांच्या रांगेतली वच्छलाबाई मात्र टाळ्या संपायची वाट न बघता उठली. घरात होती नव्हती तेवढी तूरडाळ तिला कुलपात ठेवायची होती.